हुलासबाईंच्या हातचा रस्सा

"बोल भाग्येश, आज आपला नंबर कितला?"

सकाळी सव्वासहाला फोन वाजला की तो शांतिलालशेठचाच असणार, हे म्हसावदला भाग्येशच्या गोठ्यातल्या म्हशीलाही कळायला लागलं होतं. भाग्येश अंथरुणातूनच मोबाइल चाचपायचा आणि डोळे न उघडता सांगायचा, "काका, अठ्ठावीस."

"काल सत्तावीस व्हता ना?"

"हो काका. गूगलवर होतं असं थोडं मागंपुढं."

"असं कसं मागंपुढं? आपला पुढे कोण घुसनं? त्याना फोन नंबर दे, मी बोलस त्यानासंगे."

'खान्देशी मसाला' शोधलं की गूगल दाखवतं ती यादी म्हणजे एक रांग आहे आणि मध्येच घुसलेल्या माणसाला दंडाला धरून बाहेर काढता येतं, अशी शेठची पक्की समजूत होती. ती घालवण्यासाठी भाग्येशनं दोन महिने खर्च केले आणि मग तो नाद सोडून दिला.

शांतिलालशेठचं नंदुरबारच्या बाजारात मसाल्याचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, वडलांनी गिरणी टाकली, आणि शेठनी लग्नानंतर दुकानाला बायकोचं नाव दिलं, 'हुलास मसाले'. या एका गोष्टीवरून बाजारात त्यांची तेव्हा जी चेष्टा झाली, ती त्यांनी पंचेचाळीस वर्षं मिरवली. भाग्येश पुण्यात पाच वर्षं एका कंपनीत लोकांच्या वेबसाइट शोधात वर आणायचं काम करत होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो कमी झाला आणि घरी परत आला. वडील हिंमतराव सव्वीस वर्षं आपली मिरची शेठच्याच काट्यावर घालत होते, त्यामुळे शेठ त्याचं पहिलं गिऱ्हाईक झाले. बाकीच्या व्यापाऱ्यांनी गोड हसून सांगितलं होतं, "पैले शेठनं करी दाखाड, मंग आमनं देख." म्हणजे शेठ वर गेले तर भाग्येश नंदुरबारात राहणार, नाहीतर पुन्हा पुण्याला कुणाच्या तरी खोलीत तिसरा म्हणून झोपायला जाणार, असा सरळ हिशेब होता.

आणि शेठ वर जातील तर शपथ. वेबसाइट अक्षय्य तृतीयेला अकरा वाजून दहा मिनिटांनीच उघडायची, हे त्यानं ऐकलं. प्रत्येक पानावर 'शुद्ध सात्त्विक' हे शब्द पाहिजेत, तेही ऐकलं. एका पानावर ते एक्केचाळीस वेळा आले, तेव्हा त्यानं हात जोडले, पण शेठ म्हणाले, "शुद्ध जितलं जास्ती तितलं चांगलं." मग प्रत्येक पानाच्या माथ्यावर हुलासबाईंचा डोक्यावरून पदर घेतलेला फोटो आणि प्रत्येक वस्तूच्या नावाआधी 'हुलासबाईंच्या हातचा', हीही अट आली. भाग्येशनं रोजची कटकट नको म्हणून अशी सोय करून टाकली की नवं पान उघडलं की फोटो आणि ते शब्द आपोआप येऊन बसतील. त्या सोयीचा त्याला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

खरी कठीण वेळ आली जैनांच्या पर्युषणात. त्या आठ दिवसांत शेठची गिरणी बंद, दुकान बंद.

"वेबसाइट बी बंद कर," शेठ म्हणाले.

"काका, वेबसाइट बंद नसते करायची. तिथं दळण थोडंच चालतं?"

"गिऱ्हाईक आत इसन उभा ऱ्हास का नही? मंग ते दुकानच शे. देवधरमना दिवसमा दुकान उघडं ठेवनारा शांतिलाल नही."

भाग्येशनं कंठशोष केला. महिनाभर खपून तो दुकानाला दुसऱ्या पानावर घेऊन आला होता. बंद दार दिसलं की गूगल पुढं निघून जातं, हे त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. शेठनी चित्र बघितलं, छान काढलंस म्हणाले आणि आठ दिवस वेबसाइट बंद ठेवली. नवव्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन आला, तेव्हा भाग्येश आधीच अंथरुणात उठून बसला होता.

"सदुसष्ट, काका."

पलीकडं शेठनी आकडा दोनदा पुटपुटला. मग शेठ म्हणाले, "चार महिना उघडी व्हती ते गूगलले दिसनं नही, आठ दिवस बंद ते बराबर दिसनं!"

आणि शेठचं म्हणणं खरं होतं. त्याच आठवड्यात शेठनी व्यापाऱ्यांच्या बैठकीत सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की समाजाच्या दिवाळी स्नेहमिलनाला हुलास मसाले पहिल्या नंबरवर असेल. बातमी भाग्येशला दुसऱ्याकडून कळली. तो घाबरून दुकानात आला तर शेठ शांतपणे जिरं निवडत होते. "मी शब्द दिना," एवढंच बोलले.

भाग्येशनं मग ते केलं जे त्यानं आधीच करायला पाहिजे होतं. लोक खरोखर काय शोधतात ते त्यानं बघितलं. 'शुद्ध सात्त्विक मसाला' महिन्याभरात शोधणारी माणसं निघाली अकरा, आणि त्यातला एक शेठच्या हट्टापायी रोज शोधणारा भाग्येश स्वतः. 'खान्देशी मटण मसाला' शोधणारे मात्र हजारोंनी होते. पुण्याचे, नाशिकचे, सुरतेचे, गाव सोडून गेलेले आणि चव न सोडलेले सगळे. मसाला तोच. शेठच्या दुकानातला काळा मसाला भाग्येशच्या घरी शेवभाजीत पडायचा आणि आखाडात मटणातही पडायचा. मसाल्याला काय कळतंय?

त्यानं भीतभीत विषय काढला. शेठनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

"मन्हा दुकानमा तो शब्द बी नको."

"काका, आपण ते विकत नाही. फक्त लोक ज्या नावानं शोधतात..."

"लोकं काय खातस त्यानासंगे मन्हं भांडन नही. तुन्हा घर मसाला जास, माले मालूम शे तो कशामा पडस. पन मन्हा पाटीखाल तो शब्द नको. मन्हा हातवर हात ठेव अन् सांग."

भाग्येशनं शेठच्या सुरकुतलेल्या, हळदीनं कायमच्या पिवळ्या झालेल्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, "नाही लिहिणार." हे पुढं त्याला इतक्या वेळा आठवलं की शेवटी त्याला हळदीचा वास नकोसा झाला.

पंधरा दिवस त्यानं शब्द पाळला. नंबर सदुसष्टचा एकसष्ट झाला. दिवाळी पंचवीस दिवसांवर आली. मग एका दुपारी त्यानं आई मंगलाबाईंना विचारून मटणाच्या रश्श्याची कृती लिहून घेतली, कांदा-खोबरं चुलीवर भाजण्यापासून वर तर्री येईपर्यंत, आणि शेवटी लिहिलं, 'यासाठी वापरा हुलास काळा मसाला'. हे पान त्यानं वेबसाइटवर अशा ठिकाणी ठेवलं, जिथं दुकानाचं नाव टाकून पुढच्या दारानं येणाऱ्याला ते दिसणारच नाही. शेठ नेहमी पुढच्या दारानंच येत. शोधणाऱ्याला मात्र थेट मागच्या गल्लीतून आत येता येई. फक्त दिवाळीपर्यंत, असं त्यानं स्वतःला समजावलं. आपण लबाडी करतोय हे त्याला लिहितानाच कळत होतं, पण मंगलाबाईंची कृती इतकी फक्कड उतरली होती की मध्येच थांबवेना.

पान वर निघालं ते थांबेचना. तिसऱ्या आठवड्यात मटणाच्या रश्श्यात हुलास मसाले पहिलं, आणि त्याच्या जोरावर सगळं दुकानच वर ओढलं गेलं. काळ्या मसाल्यात पहिलं, मिरची पुडीत तिसरं. कुठून कुठून मागण्या आल्या. शेठ सव्वासहाऐवजी पावणेसहालाच फोन करायला लागले.

"कितला?"

"एक, काका."

"परत सांग."

"एक."

"देखं ना? शुद्ध सात्त्विकनी ताकद शे ही! तू नही-नही करी ऱ्हायंता."

म्हसावदला मिठाईचा खोका आला. हिंमतरावांनी तो गल्लीत घरोघर फिरवला आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही मुलानं काय केलं ते सांगितलं. भाग्येशनं एक पेढा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ घोळवत बसला. त्याच दिवशी त्याला आपल्या सोयीचा पराक्रम दिसला होता. पान नवं, म्हणून माथ्यावर फोटो आपोआप आलेला आणि नावाआधीचे शब्दही. पदर घेतलेल्या, हात जोडलेल्या हुलासबाई, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत, 'हुलासबाईंच्या हातचा झणझणीत मटण रस्सा'.

काढून टाकायला एक मिनिट लागलं असतं. पण नाव बदललं की नंबर हलणार, आणि दिवाळी चार दिवसांवर होती. त्यानं लॅपटॉप बंद केला आणि आपण काही पाहिलंच नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात हुलासबाईंनी त्याला पाणी दिलं. शेठ दुपारी झोपत तेव्हा दुकानाचा फोन त्या घेत. म्हणाल्या, "भाग्येश, दुपारी फोन लई यायला लागले रे."

"कसले, काकी?"

"येतात. मसाल्याचे." आणि त्या त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. भाग्येश घाईघाईनं पाणी प्यायला आणि त्याला ठसका लागला.

स्नेहमिलनाच्या सकाळी शेठनी फोनवर नंबर विचारलाच नाही. "आज समाजभवनमा ये. मोठा पडदा लावेल शे. सगळास्ना समोर गूगल उघडसूत. पोरंसोरं बी देखतीन का म्हाताराना नंबर कितला!"

भाग्येशनं लॅपटॉप उघडून ते पान मुळापासून पुसून टाकलं. मग शोधून बघितलं, तर पान गेलं होतं आणि यादीतलं नाव जागेवर होतं, फोटोसकट. गूगलच्या आठवणीतून जायला दिवस लागतात, हे तो स्वतः गिऱ्हाइकांना शिकवत आला होता. उपाय एकच उरला. लॅपटॉप आपण चालवायचा आणि दुकानाचं नाव टाकून सरळ पुढच्या दारानं आत शिरायचं.

समाजभवनात शे-दीडशे माणसं होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मागं जेवणाची तयारी. शेठनी पांढरा झब्बा घातला होता. भाग्येश लॅपटॉपकडं सरसावला तर शेठनी त्याला हातानं अडवलं.

"तू बस. तू पाव्हना शे आज. मन्ही नात दाबी बटन. फाल्गुनी, ये बेटा."

"काका, मी करतो ना, तिला जमायचं नाही."

"कॉलेजमा शे ती," शेठ अभिमानानं म्हणाले. "फाल्गुनी, दुकाननं नाव टाकू नको. नाव टाकं तं कोनं बी येस. तू टाक, खान्देशी मसाला."

फाल्गुनीनं टाकलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग सगळ्यात वर भिंतीएवढ्या हुलासबाई हात जोडून उभ्या राहिल्या. सभागृहात टाळ्या पडल्या. शेठनी हात वर करून टाळ्या थांबवल्या, चष्मा सारखा केला, आणि आपल्या दमदार आवाजात वाचायला लागले.

"पैला नंबर. हुलासबाईंच्या... हातचा... झणझणीत... म..."

तिथं ते थांबले. पुढचं सगळ्यांनी मनातल्या मनात वाचलं. मागं वाढप्याच्या हातातून पळी पडली, तिचा आवाज पुढपर्यंत आला. शेठ वळले आणि माणसांमधून नेमकं भाग्येशकडं बघितलं. त्यांना रागही आलेला दिसत नव्हता. काट्यावर ठेवलेलं वजन खोटं निघावं तसे ते नुसते बघत होते. धरणी दुभंगेल तर बरं, असं भाग्येशला वाटलं, पण समाजभवनाची फरशी नवी आणि भक्कम होती.

बायकांच्या बाजूनं हुलासबाई उठल्या.

"दोन आठवडे झाले, मला फोन येतात," त्या म्हणाल्या. "काकू, मटण किती शिजवायचं? काकू, तर्री येत नाही. मी पहिल्या दिवशी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी एक पोरगी होती, पुण्याला एकटी राहते, रडवेली झालेली. तिला म्हटलं, बेटा, ते राहू दे, रस्सा असाच कर आणि त्यात बेसनाचे गट्टे सोड. संध्याकाळी तिचा फोन, काकू, गट्टे मस्त झाले. तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगते. चौतीस घरांत गट्टे शिजवले मी."

आधी एक म्हातारी हसली, मग बायका हसल्या, मग सगळं सभागृह हसलं. कुणीतरी जोरात म्हणालं, "शेठ, वहिनीनं तर धर्म वाढवला!" फाल्गुनीनं पडदा बंद केला आणि पंगत बसली. शेठ हसले नाहीत. ते पंगतीला बसले, पण पान वाढून घेतलं नाही. भाग्येश जेवायला न थांबताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन सकाळपासून वाजायला लागला. पहिला फोन अक्कलकुव्याच्या हायवेवर ढाबा चालवणाऱ्या रूपचंदचा.

"भाऊ, त्या जैन शेठले तू मटणमा पैला लई उना म्हने! मन्हाकडे तं खरंखुरं मटण शे. मन्हं काम कितलं सोपं!"

त्यानंतर खांडबाऱ्याचा एक खानावळवाला, त्यानंतर बाजारातले तेच गोड हसणारे दोन व्यापारी. जे काम मिळावं म्हणून त्यानं ही लबाडी केली होती, ते आता दारात रांग लावून उभं होतं, आणि त्यातल्या एकालाही हो म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती. हिंमतरावांनी रूपचंदचा फोन शेजारी बसून ऐकला आणि मुलाकडून सगळं वदवून घेतलं. हातावर हात ठेवल्याचं कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

"सव्वीस वरीस मी त्याना काटाकडे देखं नही," ते म्हणाले. "त्यानी मन्हा पोतामा कधी हात घाली देखा नही. चाल, गाडीवर बस."

म्हसावदहून शहादा, प्रकाशाचा पूल, मग नंदुरबार. वाटभर भाग्येश माफीची वाक्यं मनात जुळवत होता. शेठ दुकानात एकटेच बसले होते. समोर उकळलेल्या पाण्याचा तांब्या. हुलासबाईंनी दारातच हळू सांगितलं, तीन दिवसांचा उपास धरलाय, आज दुसरा, फक्त पाण्यावर.

हिंमतराव पुढं झाले. "शेठ, पाप करं मन्हा पोऱ्यानी अन् उपास तुम्हले?"

"पाटी मन्ही शे, हिंमतभाऊ," शेठ म्हणाले. आवाज खोल गेला होता. मग ते गादीवरून उठले, भाग्येशच्या समोर आले आणि त्यांनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा."

जैन घरांत झाल्या-गेल्या चुकीची क्षमा मागतात ते हे शब्द. भाग्येश गडबडून मागं सरला. "काका, असं काय करता!"

"रोज सकाळे तुले इचारं, नंबर कितला. कसा लई उना, हाई एकदाबी इचारं नही. भर बैठकमा शब्द मी दिना अन् पाळाले तुले लावं. तुले त्या मांगली गल्लीमा मीच ढकलं. मन्हं चुकनं."

एकाहत्तर वर्षांचा, दोन दिवसांचा उपाशी माणूस हात जोडून उभा होता. भाग्येशनं वाटेत जुळवलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी आपल्याकडं घेऊन टाकलं होतं. तो नुसता मान हलवत राहिला. मग हिंमतराव आणि शेठ यंदाच्या मिरचीबद्दल दोन शब्द बोलले, कारण गप्प बसवत नव्हतं, आणि बापलेक बाहेर पडले.

गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर लालभडक मिरची वाळत पसरली होती. तिथं हिंमतरावांना शिंका आल्या म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली. तीन शिंका झाल्या, त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि मागं न बघता विचारलं, "तू तठे काहीच बोलना नही?"

"बोलायचं होतं ते सगळं शेठच बोलले, आप्पा."

"ते त्यास्नं व्हतं. तुन्हं कोठे शे?"

हिंमतरावांनी गाडी वळवली. दुकानाशी ते पोचले तेव्हा शेठ अजून तांब्यासमोर तसेच बसले होते. पुन्हा या दोघांना बघून त्यांनी मान वर केली.

"काय ऱ्हायनं रे पोऱ्या? काही इसरना का आठे?"

"हो काका," भाग्येश म्हणाला, आणि खाली जमिनीवर त्यांच्या समोर बसला.